पानं दिसतात म्हणे

८ फेब्रु., रवि.
घरमालक काकांकडे नवा टीव्ही. पुण्याहून मुलानं पाठवला, फोर-के. एकच पिच्चर आधी साधा लावला, मग फोर-के. माझा खोलीतला पार्टनर राकेश ओरडला, "अबे, पेड़ का एक-एक पत्ता दिख रहा है!" काकू पण हो म्हणाल्या. मला दोन्ही सारखेच. काकांनाही. काका खूश. "कंपन्या येडं बनवतात. या घरात शहाणे आपण दोघंच."
काकू म्हणाल्या, "एकाला मोतीबिंदू आहे, दुसऱ्याला काय झालंय?"
सगळे हसले. मीपण.

१२ फेब्रु.
ठेकेदार बोलला, होळीनंतर तुला पाइपाच्या वेल्डिंगवर घेतो. पक्की नोकरी. आधी डोळे तपासणार. इकडे गोविंदपुऱ्यात कामाला आल्यापासून याचीच वाट बघतोय. आईला फोन केला. शेजारी सांगून पण आली ती.

१५, रवि.
परत तोच वाद. मी जोरात भांडलो, खाटेवरून कुणालाच फरक कळत नाही म्हटलं. राकेश म्हणे, "तो पास जाके देख." गेलो. नाक टेकेपर्यंत. पानं नाहीत. नुसतं हिरवं.

१६
वेल्डिंगचे टाके मारताना तोंडावर काच कोण धरतो. डोळे मिटायचे, सगळेच मिटतात. आग झाली की बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या. हल्ली आग होत नाही. मला वाटलं, सवय झाली.

२०
काकांचं ऑपरेशन झालं. ठीक आहेत.

१ मार्च, रवि.
काका काळा चष्मा काढून टीव्हीसमोर. पिच्चर लागला आणि पुढेच सरकले. मग, "अगं, पानं दिसतायत!" काकू हसत सुटल्या. काका माझ्याकडे वळले. "आपण चुकलो रे. फरक आहे. चांगलाच आहे." मग त्यांचं हसू थांबलं. "तुला खरंच नाही दिसत?"
म्हटलं, दिसतो की. मस्करी करत होतो, काका.
त्यांनी पिच्चर थांबवला. "मग सांग, त्या फांदीवर काय बसलंय?"
"पाखरू."
"हं," म्हणाले. पुढे लावला.

२ मार्च
राकेशला विचारलं, काल फांदीवर काय होतं.
"डाल पे? कुछ नहीं था, भाई. क्यों?"

३ मार्च
जिन्यात काका. "होळी झाली की माझी तपासणी आहे. तू चल सोबत. एकट्याला धाकधूक होते." दर वेळी काकू जातात. मला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत. बघतो म्हटलं. ते हलेचनात. मीपण.
आता फोन वाजतोय. आईच असणार. पक्कं झालं का विचारेल