चहाला उतरलेले

वारूळवाडी,
४ ऑक्टोबर १९९८

चि. ज्योत्स्ना हीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि. तुझ्या आईला जाऊन १५ नोव्हेंबरला वर्ष होईल. पुण्यानुमोदनाला तू हवीस. गेल्या वर्षी सगळे विधी उरकून गेलीस ती पुन्हा आलीच नाहीस. शेजारची लंकाबाई विचारत होती, की पोरीला तिकडं चेन्नईत असं काय मोजायचंय जे सरत न्हाई. जन्मभर एस.टी.त कंडक्टरकी करून माणसं मोजली, पण तुझी मोजणी कसली ते मलाही ठाऊक नाही. तेवढं कळव.

एकट्यापुरता भात अजून जमत नाही, रोज उरतो.
तुझे नाना

चेन्नई,
१२ ऑक्टोबर १९९८

ती. नानांस,
सप्रेम जय भीम. वि. वि. सांगते, पण हसायचं नाही. वार कसे सातच, रविवारनंतर पुन्हा सोमवार? तसे शून्य ते सहा एवढेच आकडे घ्यायचे, सहानंतर पुन्हा शून्य. एका आकड्याचा घन करून त्यात दोन मिळवा. उत्तर दुसऱ्या आकड्याच्या वर्गाइतकं आलं, की ती जोडी म्हणजे एक बिंदू. असे नऊ आहेत. कागदावर आठच सापडतील. नववा अनंतावर असतो, दिसत नाही, पण धरावाच लागतो.

माझ्या संशोधनातलं समीकरण याहून मोठं आहे. दोन रीतींनी मोजलं तर जुळत नाही, दरवेळी एक कमी पडतो. चूक सापडल्याशिवाय निघता येणार नाही. रागावू नका.
तुमची ज्योत्स्ना

वारूळवाडी,
२२ ऑक्टोबर १९९८

चि. ज्योत्स्ना हीस,
अनेक आशीर्वाद. अंगणात चुन्याने सात बाय सात घरं आखून हरभरे मांडले. आठच भरले. लंकाबाई म्हणाली, या वयात कसला खेळ मांडलाय.

नववा मला लगेच कळला. मंचरला गाडी थांबली की कुणीतरी चहाला उतरतो. सीटवर दिसत नाही, पण तिकीट काढलेलं असतं. त्याला मोजल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही.

पण चहाला दरवेळी एकटाच कुठे उतरतो? आपल्या घरातल्या दोघी उतरल्यात. तुझी आई काही परत चढायची नाही. तू नुसती चहाला गेली आहेस, असं मी धरून चालतो. नाही जमलं तरी रागावणार नाही.
नाना

चेन्नई,
१ नोव्हेंबर १९९८

ती. नानांस,
सप्रेम जय भीम. तुमचं पत्र वाचून कागद पुन्हा काढले. माझ्या समीकरणाला अनंतावर एक नव्हे, दोन बिंदू आहेत. मी सवयीने एकच धरत होते. मोजणी जुळली, सर खूश झाले. मला मात्र खोलीवर येऊन रडू आलं.

कारण आता न येण्याला सबब उरली नाही. आईशिवायचं घर बघायची मला भीती वाटते, नाना. इथे बोलायला कुणी नाही, पण इथे आई कधीच नव्हती.

१४ तारखेला, शनिवारी संध्याकाळी पोचते. भात दोघांचा टाका. नारायणगावच्या स्टँडवर घ्यायला येऊ नका. घरीच थांबा, दार आतून कुणीतरी उघडायला हवं.

लोभ आहेच, तसाच राहू द्या.
तुमची ज्योत्स्ना