पान बेचाळीसवरची खाडी

प्रिय सेरू,

तुझं पुस्तक पाहिलं. तू पाठवलं नाहीस. वादळात आसऱ्याला आलेल्या एका शिडाच्या बोटीवरच्या बाईने दाखवलं. पान बेचाळीसवर आपली खाडी. पाणी किती खोल, तळाला वाळू कुठे, पोवळं कुठे, दोर कुठल्या बाजूच्या कांदळवनाला बांधायचे, सगळं. खाली लिहिलंयस, 'गावात एरोनीला भेटा, हसतमुख माणूस आहे.' बाईने विचारलं, तुम्हीच का ते? मी हसलो. दुसरं काय करणार?

ती खाडी तुला मीच दाखवली. दहा वर्षांचा होतास. श्वास धरून माझ्यामागे तळाला यायचास आणि नांगर वाळूत नीट रुतलाय का ते हाताने चाचपायचास. वर आल्यावर नाकातून पाणी आणि तोंडाने अखंड बडबड. तेव्हाच सांगितलं होतं, वादळात आपल्याला हीच एक जागा आहे, बाहेर बोलायचं नाही. तू मान डोलावलीस. तुझी आई शेवटच्या दुखण्यात म्हणाली होती, दादा, याला समुद्र शिकव. मी शिकवला आणि तू तो छापून टाकलास.

फेब्रुवारीत वादळाची सूचना आली. आम्ही गावची होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी पोचलो, तर आत अकरा बोटी. त्यांचे दोर असे आडवे ताणलेले की आम्हाला शिरायला फट नव्हती. एकाने तुझं पुस्तक हलवत सांगितलं, आम्ही आधी आलो. आपल्याच खाडीत, सेरू! होडी किनाऱ्यावर ओढून माडाला बांधली. सकाळी माड जागेवर होता, होडी नव्हती. गावात तेवढी एकच. परवा शेजारच्या असेनाताला कळा सुरू झाल्या आणि दवाखान्यात न्यायला पलीकडच्या गावाची होडी येईपर्यंत पोरगी चार तास किनाऱ्यावर विव्हळत पडली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण तिची आई माझ्याशी बोलत नाही. बाकीचे बोलतात ते टोमणे मारायला. एरोनी, भाच्याला सांग, पुढच्या पुस्तकात आमच्या चुलीही छाप. परक्याने केलं असतं तर भांडलो असतो. घरच्यानेच दगा दिला तर कुणाच्या दारात जायचं?

काल तुझा निरोप आला. मे महिन्यात आठ बोटी आणतोयस. आपण मासळी वाढावी म्हणून बंद ठेवलेल्या खडकावर पाहुण्यांना बुड्या मारायला न्यायचंय, आणि त्यासाठी रिवाजाप्रमाणे यंगोनाची मुळी नजराणा म्हणून पुढे ठेवून रीतसर परवानगी मागणार आहेस. मुखियांनी मला बोलावलं, म्हणाले, भाचा तुझा आहे, अडव त्याला. मी म्हटलं, बहिणीच्या मुलाने मागितलं तर मामाच्या गावाला नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही मला शिकवलंत. तेव्हा नीट ऐक. तू मुळी ठेवलीस तर मामा म्हणून ती मला उचलावी लागेल, उचलली की मागणं मान्य, खडक द्यावा लागेल, आणि मी तो देईन. तुला थांबवू शकेल असं या गावात कुणी नाही. म्हणून लिहितोय. ये, पोटभर जेव, आईच्या थडग्यावर फुलं घाल. फक्त काही मागू नकोस.

तुझाच,
एरोनीमामा