तो पुढे गेलाय

१४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वर काय लिहावं इथेच पेन अडलं. इतकी वर्षं तुला चि. सौ. लिहायची हाताला सवय. आजही 'सौ.' लिहून झालं, मग तो कागदच टाकून दिला. शेवटी भिंगरी लिहिलं. हे नाव माझ्या लेकाने तुला ठेवलेलं, ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

माझ्या आधीच्या पत्रांना उत्तर आलं नाही. तुझ्या बहिणीने चार ओळी खरडल्या, त्यावरून कळलं की तू तिच्याकडे सुखरूप आहेस, चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जातेस, पानात वाढलेलं मुकाट्याने खातेस. आणि पळत नाहीस. लग्न होऊन आलीस तेव्हा पहाटे उठून पळायला जायचीस. पाठीमागे कुणी लागलंय का, असं मी टोचून विचारायचे. आता तू पळत नाहीस हे वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. बघ, माणसाचं कसं असतं.

माझं शिवणाचं दुकान चालू आहे. शाळेच्या गणवेशांची घाई सरली, आता चेन बदलणं आणि उंची कमी करणं. काल एक गृहस्थ पँट घेऊन आले आणि कापड आटलं म्हणून माझ्याशीच भांडले. पोट सुटलंय हे त्यांच्या तोंडावर कसं सांगू? खूप हसू आलं. घरी जाऊन त्याला सांगू असं मनात आलं, आणि मशीनवरचा पाय तिथेच थांबला.

शर्यतवाल्यांनी तुझा फोटो पाठवला आहे. शंभर मैल पळून, आजवरच्या सगळ्या बायकांत सर्वांत कमी वेळात तू पोचलीस, तो क्षण. दोन्ही हात वर, तोंडभर हसू. मी तो कपाटात ठेवलाय. तुला हवा असला तर कळव.

माझ्यावर राग आहे, ठाऊक आहे मला. शिव्या द्यायच्या तर दे, पण लिही. लोभ एकदम आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी (अजूनही)
आई

*

२ डिसेंबर

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

फोटो नको. त्या फोटोतल्या बाईचा नवरा सकाळीच गेलेला होता आणि ती दुपारी हात वर करून हसत होती. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांतल्या निम्म्यांना माहीत होतं.

तुम्ही लिहा म्हणालात म्हणून लिहिते. शर्यतभर तो गाडीने पुढे जाऊन थांब्याथांब्यावर माझी वाट बघत होता. त्या दिवशी सकाळी डोंगराच्या पायथ्याच्या थांब्यावर त्याने मला सूप दिलं, पाठीवर थाप मारली आणि माझे ओले मोजे दोन बोटांत धरून नाक मुरडलं. मी हसत चढाला लागले. मी वळणाआड जाते न जाते तोच तो गाडीला टेकून बसला आणि उठलाच नाही. त्याचं हृदय बंद पडलं. हे सगळं मला मागाहून कळलं.

पुढच्या थांब्यावर तुम्ही होतात. शर्यतवाल्यांनी तुम्हाला गाडीने वर आणलं होतं. मी विचारलं, हा कुठे आहे? तुम्ही म्हणालात, तो पुढे गेलाय. मी सूप प्यायले. तुम्ही वाकून माझ्या बुटांची नाडी बांधलीत आणि निघ म्हणालात.

सगळे म्हणतात की पुढची कड अरुंद होती, दोन्ही बाजूंना दरी, सांगितलं असतं तर माझा तोल गेला असता. पण आई, त्या थांब्यावर रस्ता होता. गाडी उभी होती. मी तीत बसून त्याच्याजवळ जाऊ शकत होते. त्याचा हात तेव्हा कदाचित ऊन असता. त्याऐवजी मी त्याला दाखवायला म्हणून पळत राहिले. शेवटच्या उतारावर तर त्याला काय सांगायचं ते पाठ करत होते.

आणि तुमचे हात थरथरत नव्हते. ते मी विसरू शकत नाही. पोटचा मुलगा गेलेल्या बाईचे हात असे स्थिर कसे?

तब्येतीस जपा. लोभाचं आज काही लिहवत नाही.

भिंगरी

*

१८ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय.

आधी हातांचं सांगते. पहिल्यांदा बांधलेली नाडी सुटली होती. गाठ बसेचना. मला पुन्हा बांधावी लागली आणि तू माझ्यावर खेकसलीस की आई, शिवणकाम करता आणि साधी गाठ येत नाही, ती मागून येणारी मला गाठेल. तुला ते आठवत नाही. बरंच आहे.

दरीचं म्हणशील तर ते कारण लोकांनी शोधून काढलं. मला सोयीचं वाटलं, मी मान डोलावली. खरं तुला सांगते. गाडीतून वर येताना मी तुला सांगायचंच असं ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते. मग तू वळणावरून आलीस. घामाने भिजलेली, चिखलाने माखलेली, आणि काय आनंदात! आल्याआल्या विचारलंस, हा कुठे आहे. त्या सबंध डोंगरावर तू एकटीच होतीस जिच्यासाठी तो अजून जिवंत होता. पुढे कुठेतरी उभा होता, सूप गरम करत होता. ते मला मोडवेना गं. तू पळत होतीस तोवर तो कुणाच्या तरी लेखी होता. मला ते आणखी थोडा वेळ हवं होतं. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

चुकलं असेल. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी दुसरं काही करीन असं खोटं तुला लिहिणार नाही.

खोकला आहे, फार नाही. शेजारीण काढा देते, चव इतकी वाईट की खोकलाच घाबरून जावा. बहिणीला आशीर्वाद सांग. उत्तराची घाई नाही, वाट मात्र आहे.

आई

*

२९ सप्टेंबर

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

इतके महिने गप्प बसले. तुमचं ते पत्र वाचून आधी फार राग आला. मग एका सकाळी पाव आणायला निघाले आणि पाव न आणताच गावाबाहेर पोचले. पाय आपले चालतच राहिले. बहिणीने घरी बोलणी खाऊ घातली, कारण मुलं उपाशी बसली होती.

गेल्या आठवड्यात मी तीच शर्यत पळाले. तुम्हाला आधी कळवलं नाही. जमेल याची खात्री नव्हती. पायथ्याच्या थांब्यावर सूप घेतलं नाही, नुसतं पाणी प्यायले. तो टेकून बसला होता त्या जागी कुणाची तरी सायकल उभी होती. मी थोडी थांबले आणि चढाला लागले.

मी पहिली होते, आई. सगळ्यांच्या पुढे. पण प्रत्येक थांब्यावर एकच विचारत होते, माझ्यासाठी काही निरोप आहे का. सगळे म्हणत, काही नाही, सगळं ठीक आहे, निघा. गेल्या वर्षीही असंच म्हणाले होते. कडेच्या आधीच्या थांब्यावर वनरक्षकाची चौकी आहे. तुम्ही नीट आहात हे स्वतः ऐकल्याशिवाय पुढे जाववेना. आत शिरले आणि त्याला म्हटलं, मला फोन करू द्या. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. खिडकीतून मला दुसरी पुढे जाताना दिसली, मग तिसरी. मी रिसीव्हर ठेवला नाही. मग तुम्ही उचललात आणि कोण बोलतंय म्हणून खेकसलात.  माझा श्वास ऐकून तुम्ही ओळखलंत आणि विचारलंत, थांबलीस कशाला?

मी तिसरी आले. कडेवरून पळताना रडत होते, पण तोल गेला नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

एक मात्र झालं. आता मधे थांबून तुमचा आवाज ऐकल्याशिवाय मला शेवटपर्यंत पळता येणार नाही. पहिलं यायचे दिवस बहुधा संपले. त्याचं फार वाईट वाटत नाही, थोडं वाटतं.

तुमचा लोभ होताच. आता माझाही धरावा.

तुमची
भिंगरी

*

६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तोंडात टाचण्या होत्या, म्हणून फोन घ्यायला उशीर झाला. खेकसले नाही, टाचण्या सांभाळत बोलले. फोन ठेवल्यावर गिऱ्हाइकाच्या कोटात तोंड खुपसून रडले, कोट इस्त्री करून द्यावा लागला. दुकानात सगळ्यांना तू पहिली आलीस असं सांगितलंय. कुणी विचारलं तर माझी लाज राख.

आता नीट ऐक. तू खुशाल पळ. शर्यतीच्या दिवशी मी फोनजवळ खुर्ची टाकून बसेन, आणि कुठूनही फोन केलास तरी मी उचलेन. माझं वय तुला माहीत आहे. एक दिवस घंटा वाजत राहील आणि मी उचलणार नाही. त्या दिवशी कुणाला काही विचारू नकोस. आहेस तिथे खाली बस, पाणी पी, मन भरेपर्यंत रड. मग सावकाश उतरून ये. या खेपेला घाई करायची नाही.

तोवर येत जा, लिहीत जा.

तुझी
आई