खरी कुस्ती की नुरा?

८ फेब्रुवारी १९८८, सोमवार

रुपचंद पहिलवान गेले! शेजारी कुंदाबाईंकडे माझ्या भावाचा, लोटनभाऊचा फोन आला. काल संध्याकाळी वारले. झोपेतच.

हे म्हणाले, "तुझ्या पहिलवानापायी आज स्वयंपाक बंद का?" वरण-भात केला. डोळ्यांतलं पाणी फोडणीच्या नावावर खपवलं.

मी नऊ वर्षांची होते. माहेरच्या जत्रेत त्यांनी धुळ्याच्या चुडामण पहिलवानाला चीत केलं. मुलींना मैदानात जाऊ देत नसत — घराच्या धाब्यावर चढून पाहिलं. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला आखाड्याची लाल माती लावली. दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, कपाळ सोडून! आईने रट्टा दिला.

११ फेब्रुवारी

तालमीत मारुतीशेजारी त्यांची तसबीर लावणार आहेत. शोभेल. त्यांची घरवाली भिकुबाई यावर काहीच बोलली नाही म्हणे. दुःखात कोण बोलणार!

१६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. महादेवा, त्यांना चांगली जागा दे.

१९ फेब्रुवारी

तेराव्याला माहेरी गेले. पत्रावळी उचलताना बायकांची कुजबुज — जत्रेतली ती कुस्ती नुरा होती! म्हणजे आधी ठरवून केलेली. चुडामण मुद्दाम पडला!

त्यांतल्या तानुबाईला धरलं. कुणी सांगितलं?

"माले काय ठाऊक माय, बठ्ठा गाव बोली ऱ्हायना." सगळा गाव बोलतोय म्हणे!

गावचे पंच म्हणतात, नुरा असेल तर मारुतीशेजारी तसबीर लागणार नाही. माणूस चितेवर गेला आणि मग तोंडं उघडली! जिवंतपणी समोर उभं राहायची छाती नव्हती कुणाची.

२० फेब्रुवारी

डोक्यात एकच नाव. चुडामण! हरलेला तोच. आता उलट उत्तर द्यायला रुपचंद नाहीत. यांना सांगितलं तर म्हणतात, "तू पोलिसात पाहिजे होतीस." हसले पण. यांच्या कानावर आधीच आलं होतं का? विचारलं नाही. लक्ष ठेवीन.

२३ फेब्रुवारी

लोटनभाऊला घेऊन धुळ्याला गेले. तिकीट माझ्या डब्यातल्या पैशांतून, घरखर्चात नको.

चुडामणनाना खाटेवर. गुडघ्याला फडकं. सुनेने चहा ठेवला, मी शिवले नाही. सरळ विचारलं — कुस्ती खरी की नुरा?

नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग, "बाई, मी पडनू. खरंच पडनू. तुले कोनी सांगं?"

उलट मलाच सवाल! नजर मात्र चुकवली. म्हटलं, "मग आखाड्याची माती मुठीत घेऊन मारुतीसमोर सांगा." भाऊने डोळे वटारले. मी हटले नाही.

"शनवारले येसू," म्हणाले.

येतील तेव्हा खरं!

२७ फेब्रुवारी, शनिवार

आले! दोघांनी धरून उतरवलं. बायकांना तालमीत बंदी, म्हणून मी आणि भिकुबाई दाराबाहेर. नानांनी माती उचलली. मूठ मारुतीसमोर धरली.

"कुस्ती खरी. त्यानी माले चीत करं."

लगेच तसबीर लागली. मी बाहेरूनच हात जोडले. भिकुबाईंनी तोंडाला पदर लावला. नाना मारुतीच्या पाया न पडताच निघाले. एवढी वर्षं झाली, हरल्याची लाज अजून जात नाही! पण अफवा त्यांचीच, हे मी आजही म्हणते.

५ मार्च

भिकुबाई जळगावला आमच्या घरी आल्या. हातातली पिशवीही खाली ठेवली नाही.

"ती गोष्ट मीच गावात सांगितली. यांनीच जाण्याआधी मला सांगायला लावलं. जिंकला तरच पोरगी देईन, असं माझ्या बापाने म्हटलं होतं. म्हणून चुडामणनाना मुद्दाम पडले. हे म्हणाले, मी गेल्यावर माझी तसबीर नको, त्याचं नाव घ्या."

"मग त्या दिवशी तुम्ही बोलल्या का नाहीत?"

"त्यांच्या मुठीत माती होती. मी बोलले असते तर देवासमोर ते खोटे पडले असते."

ती माती मी उचलायला लावली.