कठड्यावरची गोधडी आणि अंगणातली बाग

मी, श्रीमती द्रौपदा नानासाहेब रोकडे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी अंगणवाडी सेविका व आता बाग, राहणार राजुरी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डावा खुबा सोडला तर माझं सगळं जागेवर आहे, डोकं तर नक्कीच. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ॲड. संघर्ष यांनी मसुदा चांगला केला होता, पण त्यात माझं एकही वाक्य नव्हतं, म्हणून मी पुन्हा स्वहस्ते लिहीत आहे. कायद्याचे शब्द त्यांचे, बाकीचे माझे.

१. माझे पती नानासाहेब, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, हे वारले आहेत. मला मुलगा कपिल, राहणार चाकण, व मुलगी ज्योत्स्ना, राहणार लोणी, तालुका आंबेगाव, अशी दोन अपत्ये आहेत. दोघंही गुणाची आहेत. हे आधीच लिहिते, कारण पुढे वाचताना कपिलला राग येणार आहे.

२. माझी मिळकत म्हणजे राजुरी येथील राहते घर, त्यामागची जागा व त्यापुढील मोकळे अंगण. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस कुंडलिक यांची कांद्याची बराख, उत्तरेस माझी धाकटी जाऊ अंजना हिचे घर व आमचा अबोला. अंगण कागदावर मोकळे असले तरी त्यात माझी बाग आहे, आणि हा सगळा लिहिण्याचा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

३. घर, मागच्या जागेसकट, कपिलला द्यावे. बँकेत जे निघेल ते व माझे डोरले ज्योत्स्नाला द्यावे. यावर दोघांचं भांडण होणार नाही, याची मला खात्री आहे.

४. आता बाग. कपिलने फाटकापाशी पेव्हर ब्लॉक आणून रचले आहेत. माझ्यामागे सगळं अंगण सपाट करून गाडीसाठी शेड टाकायची, असं त्याने मला तोंडावर सांगितलं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. गेल्या मार्चमध्ये बागेतल्या फरशीवरून पाय घसरूनच माझा खुबा मोडला. पण आईचा पाय मोडला म्हणून आईची बाग मोडायची, हा हिशेब मला मान्य नाही.

ही बाग कुठल्या पुस्तकात बघून केली, असं येणारेजाणारे विचारतात. पुस्तक नव्हतं. बेल्ह्याच्या बाजारात साळुबाई भाजी मांडायची, मागे कोबीची रास, मधे वांगी, अगदी पुढे मिरच्या आणि लिंबं. तिच्या दुकानात एकही भाजी दुसरीच्या आड जायची नाही. मी कोथिंबीर घ्यायला गेले आणि वाफा शिकून आले. मधुमालतीचा मांडव कुंडलिकभाऊंच्या बराखीवरून घेतला. कांद्याला वारा लागावा म्हणून ते बांबूच्या पट्ट्या जशा फटी ठेवून ठोकतात, तशाच मी ठोकल्या. यावर ते म्हणाले, "वैनी, माझ्या कांद्याला फुलं आली असती तर म्या बघणाऱ्यांना तिकीट लावलं असतं." आणि मधली वाकडी वाट नानासाहेबांची. कितीही ओरडलं तरी हा माणूस वाफा तुडवूनच फाटकाकडे जायचा. ते गेल्यावर तिथे गवत उगवायला लागलं, ते मला बघवेना. मग त्यांच्या पायांनी पडलेल्या वाटेवरच मी फरश्या बसवल्या.

कपिल, तुझे पेव्हर ब्लॉक त्या वाटेवर घाल. फरश्या निसरड्या आहेत, हे मला मान्य. पण वाट सरळ करायची नाही. तुझे वडील सरळ चालत नसत.

५. बागेतला मोठा चौकोन अंजनाच्या गोधडीवरून घेतला आहे. आमच्या सासूबाई बयाबाई गेल्या तेव्हा त्यांची लुगडी अंजनाच्या पेटीत होती. तिने मला न विचारता त्यांना कात्री लावली आणि गोधडी शिवली. मला एक काठही मिळाला नाही. सासूबाईंनी मला लेकीसारखं वागवलं होतं, म्हणून ते फार लागलं. पुढे ती गोधडी उन्हात घालायची तेव्हा तिच्या गच्चीच्या कठड्यावरून अर्धी माझ्याकडे लोंबायची, कधी ही बाजू, कधी ती. मी खाली उभी राहून बघायचे. डाळिंबी लुगड्याच्या जागी गुलबक्षी, पिवळ्याच्या जागी झेंडू, हिरव्याच्या जागी ओवा, असं एकेक ठिगळ मी जमिनीत लावलं. मधलं ठिगळ कठड्याच्या माथ्यावर पडायचं, ते खालून कधीच दिसलं नाही. तिथे अंदाजाने लाल कोंबड्याच्या फुलांची रोपं लावली.

सासूबाईंना अंजना आत्याबाई म्हणायची. फुलं आली तशी ती गच्चीतून ओरडली, "आत्याबाईंच्या लुगड्यांची चोरी केली, आन वर शेणखत घातलं व्हय!" मी म्हटलं, "तू कात्री लावलीस, मी रोपं लावली. कुणी काय केलं ते गावाला इचार." त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. दीर गेले तेव्हाही मी तिच्याजवळ नुसती बसून आले.

६. खुबा मोडल्यावर मी आधी मंचरला दवाखान्यात व मग लोणीला ज्योत्स्नाकडे होते. सगळा उन्हाळा गेला. कपिलला बाग वाळली असेल असं वाटलं, तो एकदा येऊन फाटकाबाहेरच ब्लॉक उतरवून गेला. मी परतले तेव्हा बाग हिरवीगार होती. चौकोनाच्या मधला लाल कोंबडा मात्र कोणीतरी मुळासकट काढला होता आणि तिथे पांढरी सदाफुली लावली होती. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. सासूबाई बुद्धवंदनेला नेसायच्या ते पांढरं लुगडं. ते मधोमध आहे, हे सांगू शकणारं माणूस गावात एकच होतं.

७. सबब सदर अंगण व बाग माझी जाऊ अंजना हिने तहहयात वापरावी, जोपासावी व त्यात तिला कोणीही हरकत घेऊ नये. तिच्या पश्चात ती माझी नात, कपिलची मुलगी कल्याणी हिला मिळावी. शेडसाठी घरामागची जागा पुरेशी आहे.

८. माझी खुरपी, झारी व पाइप बागेसोबत जावेत. झाडं छाटायची कात्री रस्त्यापलीकडच्या सोनीबाईंनी नेली आहे, ती त्यांनाच मृत्युपत्राने दिली असे समजावे. नाहीतरी ती परत येणार नव्हती.

९. त्या गोधडीवर माझा हक्क नाही. तरी माझी अंत्ययात्रा निघण्यापूर्वी अंजनाने ती एकदा माझ्या अंगावर घालावी, मधलं ठिगळ वर करून, एवढी विनंती आहे.

सही करण्यापूर्वीची पुरवणी: साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवायची गरज नसते, असं वकील म्हणाले होते. तरीही काल मी हा सगळा कागद कुंडलिकभाऊंना वाचून दाखवला. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या राजुरीला माहीत आहे. साक्षीदार म्हणून मी त्यांनाच का निवडलं, ते ज्याचं त्याने ओळखावं.

आज सकाळी अंजना फाटकातून आली, नानासाहेबांच्या वाटेने, काखेत गोधडी घेऊन. माझ्यापुढे ती पसरून म्हणाली, "आक्का, मेल्यावर काय बघणार तुमी? डोळं उघडं हायेत तवर बघा."

मी हात फिरवून बघितला. म्हटलं, "पांढरंच हाय गं."

"मंग? म्या काय खोटं लावीन व्हय?"

सबब कलम ९ रद्द समजावे. बाकी सर्व कलमे कायम आहेत. जिला मिळकत मिळणार तिने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांचं म्हणणं पडलं, म्हणून अंजनाला बाहेर सदाफुलीपाशी बसवलं आहे. तिने दोनदा चहा मागितला, तेव्हा इथेच थांबते.

लिहून ठेवणार: द्रौपदा नानासाहेब रोकडे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. कुंडलिक, शेतकरी, राहणार राजुरी (सही)
२. ऋषी, वकिलांचे कारकून, राहणार बोरी बुद्रुक (सही)

ठिकाण: राजुरी, अंगणात
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५