पाणी मालकाकडे

अण्णा, आज तुमची फार आठवण आली, आणि निमित्त झालं एका स्लॅबचं. इथे सिंगापुरात बुकित तिमाह भागात एका मराठी बँकवाल्याचं घर आहे, पुढे गाडीसाठी छत घालायचंय आणि मागे स्वयंपाकघर वाढवायचंय. असल्या कामांचा खर्च काढून द्यायचा ही आमच्या कंपनीत माझी नोकरी. शेजारच्या देशातून येणारी वाळू बंद झाल्यापासून जो तो मला एकच विचारतो, एवढं महाग कसं? मग मी पाढा वाचते. वाळू, लोखंड. जमीन मऊ निघाली तर पाया खोल. गल्ली अरुंद, ट्रक दारापर्यंत येत नाही, म्हणून काँक्रीट चढवायला पंप. साध्या चौकोनाला गोलाई हवी म्हटलं की सुताराचे दिवस दुप्पट. हे सगळं मला तुम्हीच शिकवलंत, कराडच्या स्वयंपाकघरात, ताटातल्या आमटीला भाताचा बांध घालून.

बँकवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटच्या ओळीवर, नव्या स्लॅबवर पाणी मारण्याच्या मजुरीवर, बोट ठेवलं. "मॅडम, हे क्युअरिंगचं आयटम काढून टाका ना. आमचे बाबा आलेत पुण्याहून, दिवसभर घरीच असतात. मारतील पाणी. त्यांचाही टाइमपास होईल." बाबा समोरच बसले होते, एसीत स्वेटर घालून. ते हसले आणि मान डोलावली. मी म्हटलं, ती ओळ निघणार नाही. माझा आवाज जरा चढला असावा, कारण संध्याकाळी साहेबांनी मला बोलावून समज दिली. काम दुसऱ्या कंपनीला गेलं. त्या म्हाताऱ्यांच्या हातात पाइप येणार तो येणारच.

मी आठवीत होते तेव्हा तुमची कोटेशनं चांगल्या अक्षरात उतरवून द्यायचे. तुम्ही ओट्याला टेकून सांगताय, मी खाली पाटावर बसून लिहितेय. पाणी मारायला एक माणूस, चौदा दिवस, ही ओळ तुमच्या प्रत्येक कोटेशनात. बाकीचे कंत्राटदार तळाला "पाणी मालकाकडे" एवढंच लिहायचे, आकडा कमी दिसायचा आणि कामं त्यांना मिळायची. एकदा मी शहाणपणानं विचारलं, ही ओळ काढली तर? तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "पाणी फुकट असतं. मारणारा माणूस फुकट नसतो. पुन्हा असलं बोलायचं नाही." मी रुसून जेवले नाही. तुम्हीही जेवला नाहीत, हे आईनं फार नंतर सांगितलं.

इथे तुम्ही एकदाच आलात. टॅम्पिनीसच्या फ्लॅटला दुसऱ्याच दिवशी कंटाळलात, म्हणून मी तुम्हाला साइटवर नेलं. पंपाचं तुम्हाला काडीचं कौतुक नाही. तिथल्या बांगलादेशी कामगाराला तुम्ही तुमच्या हिंदीत विचारताय, "इधर पानी कौन मारता है?" त्यानं स्लॅबवरचं ओलं गोणपाट उचलून दाखवलं. "मैं, अंकल. दिन में तीन बार." परतताना एमआरटीच्या गाडीत तुम्ही तेवढं एकच बोलत होतात. पगारी माणूस ठेवलाय, बघितलंस ना?

मी बघितलं, आणि वर्षभरात विसरले. आपल्या घरावर मजला चढवायचा ठरला तेव्हा पैसे माझे होते आणि मला सिंगापूरची शिंगं फुटली होती. तुम्ही कामं घेणं सोडलं होतं, म्हणून दुसऱ्या कंत्राटदारांची दोन कोटेशनं फॅक्स केलीत. तुमच्या मनात महागडं होतं. मी फोनवर म्हटलं, "अण्णा, लोखंड तेच, सिमेंट तेच. जास्तीचे कशाला द्यायचे?" तुम्ही म्हणालात, "बघ बाई. तू शिकलेली." जन्मभर गिऱ्हाइकांशी भांडलेला माणूस माझ्याशी भांडला नाही, याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. त्या आनंदाची आज लाज वाटते.

एप्रिल होता, स्लॅब नुकता घातला होता. वरपर्यंत पाइपला जोर नव्हता, म्हणून तुम्ही बादल्या नेत होतात. जिन्याला कठडा बसायचा होता. पाचव्या दिवशी भर दुपारी तुम्ही वरच्या पायरीवरून खाली आलात, ते उठलाच नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईनं शेजाऱ्यांकडून पाणी मारून घेणं सोडलं नाही, तुम्ही चौदा दिवस सांगितले होते म्हणून. तुमच्या दहाव्याला ते भरले. स्लॅब उत्तम आहे, अण्णा. इतक्या पावसाळ्यांत एक थेंब गळला नाही. मी त्या खोलीत झोपत नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे. कपाटात तुमच्या मोजपट्टीखाली ठेवेन. पण एक गोष्ट लिहायची राहिली. त्या स्वस्त कोटेशनच्या तळाला काय होतं ते मला दिसलंच नाही, फॅक्स पुसट आला होता, असं मी आईला सांगितलं. तेच इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. फॅक्स स्वच्छ होता. मी ती ओळ वाचली होती, आणि मनात म्हटलं होतं, अण्णा आहेतच की घरी.