सात नंबरची विहीर

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. माझी तब्येत बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

दादाने उन्हाळ्यात जमिनीखाली भरलेला गॅस आम्ही आता थंडीत वर काढतोय. त्याच्या सात नंबरच्या गॅसविहिरीच्या झडपेचं चाक मी संध्याकाळी पूर्ण उघडून येतो. सकाळी ते पाव फेरा मागे आलेलं असतं. अडकू नये म्हणून दादाच तसं ठेवायचा, दुसरं कुणी नाही.

सुपरवायझर म्हणाले, "तुझा भाऊ गेला, पण ड्युटी सोडेना!" सगळे हसले. आता तिकडे माझ्याशिवाय कुणी जात नाही.

तू परत ये म्हणतेस. महिन्याभरात त्याने भरलेला गॅस संपेल. तोवर त्याला इथे एकटं सोडवत नाही.

तुझा,
धाकटा